अंथरूण आधी, पांघरूण नंतर

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी आम्ही पहिल्यांदा सहकुटुंब तंबू ठोकला तो डिसेंबरात. घरातल्या सगळ्या जाड रजया डिकीत कोंबल्या होत्या. आई, आम्ही दोघे, दोन मुले. खाली मात्र एक ताडपत्री आणि तिच्यावर एक सतरंजी, एवढेच. अकरापर्यंत सगळे गाढ झोपले होते. दोनच्या सुमारास आईने हाक मारली, "अरे, वरून ऊब आहे, पण पाठ गार पडलीय बघ." मी आणखी एक रजई तिच्या अंगावर घालायला उठलो, तर तिने आपल्या अंगावरच्या दोनांतली एक काढली, घडी घालून खाली पसरली आणि तिच्यावर आडवी झाली. पांघरूण निम्मे झाले होते, तरी ती उजाडेपर्यंत निवांत झोपली.

त्या रात्री आईने जे केले, तेच या प्रकरणाचे सार आहे. घराबाहेर राहायचे तर आपला पहिला व्यवहार जमिनीशी असतो. ती ओली असते, गार असते, चढउतारांची असते आणि तिच्यावर आपल्याशिवाय इतरही जीव राहतात. शरीर आणि जमीन यांच्यामध्ये काय ठेवायचे, हा प्रश्न नीट सोडवला की मुक्कामाचा निम्म्याहून जास्त आराम पदरात पडतो. म्हणून खरेदीचा क्रम ठरवताना मी आधी अंथरूण, मग बैठक, मग स्वयंपाकाची मांडणी आणि सर्वांत शेवटी बाकीच्या वस्तू धरतो. दुकानात मांडणी नेमकी उलटी असते, आणि पैसेही त्याच उलट क्रमाने खर्च होतात.

थंडी खालून येते

रजई ऊब निर्माण करत नाही. आपल्या शरीराची ऊब ती राखते, आणि हे काम तिच्या कापसात अडकलेली स्थिर हवा करते. अंगावरची रजई फुललेली असते, म्हणून तिच्यात हवा असते. तीच रजई किंवा स्लीपिंग बॅग पाठीखाली गेली की आपल्या वजनाने चेपते आणि तिच्यातली बरीचशी हवा निघून जाते. ओली माती स्थिर हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे अंगावर चार पांघरुणे असली तरी पाठीच्या बाजूने ऊब जमिनीत झिरपत राहते. खाली अंथरायला हवे ते वजनाने न चेपणारे काहीतरी.

फोमची चटई हे त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर. त्यातही बारीक बंद बुडबुडे असलेला टणक फोम घ्यावा. तो पाणी पीत नाही, फाटला तरी काम देतो आणि मुलांनी त्यावर उड्या मारल्या तरी बिघडत नाही. योगासनांची चटई साधारण 4 ते 6 मिलिमीटर जाडीची असते. एकटी ती अपुरी पडते, पण दोन एकमेकींवर टाकल्या तर चांगला फरक जाणवतो, कारण थरांची ऊब राखण्याची ताकद एकमेकींत मिळवली जाते.

हवेची मोठी गादी पाहताच मोह पडतो. उन्हाळ्यात ती उत्तम. हिवाळ्यात मात्र तीच फसवते, कारण तिच्यातली हवा स्थिर नसते. खालच्या बाजूची गार हवा आणि वरच्या बाजूची शरीराने तापलेली हवा गादीच्या पोकळीत सतत मिसळत राहतात. स्थिर हवा ऊब राखते, फिरती हवा ती वाहून नेते. थंडीच्या रात्री हवेची गादी वापरायचीच असेल, तर तिच्यावर, म्हणजे आपल्या पाठीला लागून, फोमची चटई किंवा घोंगडी अंथरावी. आतमध्ये फोम असलेली, झडप उघडली की आपोआप फुगणारी गादी या दोन्हींचा मधला मार्ग आहे. आत फोम असल्याने तिच्यातली हवा फारशी हलत नाही.

चांगल्या कंपन्यांच्या गाद्यांवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा छापलेला असतो. उष्णतेला होणारा अडथळा तो सांगतो. जितका मोठा आकडा, तितकी जमिनीची थंडी कमी. सह्याद्रीतल्या उन्हाळी मुक्कामाला 1 ते 2 पुरे. डिसेंबर-जानेवारीत जलाशयाकाठी झोपायचे तर 3 च्या पुढचा घ्यावा. आकडे बेरजेत चालतात, म्हणून 2 च्या दोन चटया 4 चे काम करतात.

आपल्याकडची घोंगडी या हिशेबात मानाने बसते. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, टोचते, म्हणून शहरी घरांतून ती हद्दपार झाली. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि दमट झाली तरी ऊब सोडत नाही. कापसाची गोधडी दवाने भिजली की तिच्यातली हवा गेली आणि ऊबही गेली. मेंढ्यांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली, त्यामागे हा अनुभव आहे. तंबूत ती फोमवर अंथरा आणि वर सुती चादर टाका. टोचण्याचा प्रश्न मिटतो.

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवरचे दोन आकडे पाहावेत. 'कम्फर्ट' म्हणजे ज्या तापमानाला सर्वसाधारण स्त्री आरामात झोपू शकेल ते. 'लिमिट' म्हणजे ज्या तापमानाला सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, रात्र काढू शकेल ते. जाहिरातीत बहुधा यातला कमी, म्हणजे आकर्षक आकडा मोठ्या अक्षरांत असतो. कुटुंबासाठी कम्फर्टचाच आकडा धरावा. वयस्कर माणसांसाठी त्याहूनही थोडी सवलत ठेवावी.

बाज, आणि तिच्याखालची हवा

जमिनीपासून दूर जाण्याचा दुसरा उपाय म्हणजे उंच झोपणे. घडीची खाट हल्ली सगळीकडे मिळते. तिची आजी आपल्या अंगणातली बाज. काथ्याची किंवा सुतळीची वीण, खालून खेळती हवा, ओल नाही, मुंग्या नाहीत. एप्रिल-मे महिन्यात तिच्याइतके सुखाचे अंथरूण दुसरे नाही.

पण जो गुण मे महिन्यात सुख देतो, तोच डिसेंबरात छळतो. खाटेखालून वाहणारी गार हवा पाठीची ऊब पळवते. म्हणून हिवाळ्यात घडीच्या खाटेवरही फोमची चटई हवीच. हे ठाऊक नसल्याने अनेकजण महागडी खाट घेतात, थंडीने कुडकुडतात आणि खाटेला दोष देतात.

खाटेच्या बाजूने आणखी एक फार महत्त्वाचे कारण आहे. मण्यार हा रात्री हिंडणारा विषारी साप जमिनीवर झोपलेल्या माणसांना दंश करतो. त्याचा दंश दुखतही नाही आणि खूणही ठळक दिसत नाही, म्हणून झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. उंचावर झोपणे, आणि जमिनीवर झोपायचे झाल्यास मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी घट्ट खोचणे, हे दोन्ही उपाय खरोखर जीव वाचवतात. शिवलेल्या तळाचा, चेन पूर्ण बंद होणारा तंबू तेच काम करतो, पण चेन बंद ठेवली तरच. रात्री बाहेर जाऊन आलेल्या मुलाने चेन लावली की नाही, हे मोठ्यांनी पाहायचे. बूट आतच ठेवायचे आणि घालण्यापूर्वी उलटे करून झटकायचे, कारण सह्याद्रीत आणि कोकणात विंचूही पुष्कळ. साप चावल्याची नुसती शंका आली, तरी वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे. म्हणून जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवायचे.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला हवेच्या मऊ गादीवर निजवू नये. तोंड खुपसले तर त्याला मान वळवता येत नाही. बाळासाठी टणक, सपाट अंथरूण हवे.

खुर्चीवरून उठता आले पाहिजे

तंबूबाहेरची खुर्ची निवडताना बहुतेकजण बसून पाहतात. मी म्हणेन, उठून पाहा. घरातल्या जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर उंच असते. मुक्कामाच्या लोकप्रिय, सुटसुटीत खुर्च्या 30 सेंटिमीटरच्या आसपास असतात. तरुणाला त्यांत रेलून बसायला छान वाटते. पण गुडघे कमरेच्या वर गेले की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, आणि सत्तरीच्या माणसाला दर वेळी कोणाचा तरी हात मागावा लागतो. हात मागावा लागू नये म्हणून ती माणसे पाणी कमी पितात, जागची हलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी "मी गाडीतच बसते" म्हणतात. म्हणून आजी-आजोबांसाठी 45 सेंटिमीटर उंचीची, टणक हातांची, ताठ पाठीची खुर्ची घ्यावी. कापडी झोळीसारखे हात उठताना आधार देत नाहीत. मुलांसाठी मात्र छोटीच खुर्ची हवी, ज्यात पाय जमिनीला टेकतील.

जमीन सपाट नसते, हा खुर्चीपुढचा दुसरा प्रश्न. त्याची दोन जुनी उत्तरे आहेत. पहिले, आपली तिवई. तीन टेकू कशाही जमिनीवर एकदम टेकतात, ती कधी डुगडुगत नाही. मात्र एका बाजूला कलून बसले की ती पटकन उलटते, म्हणून मोठ्यांनी क्षणभर टेकायला किंवा भांडे ठेवायलाच वापरावी.

दुसरे उत्तर रुरकीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या लष्करी अभियंत्यांनी छावणीसाठी एक खुर्ची घडवली. लाकडी दांडे एकमेकांत नुसते खोवलेले, ना खिळा, ना सरस. सगळा सांगाडा कॅनव्हास आणि चामडी पट्टे यांच्या ताणावर उभा. माणूस बसला की सांधे किंचित हलतात आणि चारही पाय आपापली जमीन शोधतात. मोडून गुंडाळली की गाठोडे काखेत मारावे. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी 1933 साली केलेली प्रसिद्ध 'सफारी खुर्ची' याच रुरकी खुर्चीवर बेतलेली आहे. आज दुकानात मिळणाऱ्या, नळ्या एकमेकींत अडकवून वर कापड ताणायच्या खुर्च्यांतही हीच युक्ती आहे. तेव्हा विक्रेत्यासमोर खुर्ची थोडी हलली म्हणून नाकारू नका. रानात पूर्ण ताठ सांगाड्यापेक्षा थोडा लवचिक सांगाडा बरा.

तिसरा प्रश्न पाय रुतण्याचा. 70 किलोचा माणूस 2 सेंटिमीटर व्यासाच्या चार पायांच्या खुर्चीत बसला, तर दर चौरस सेंटिमीटरवर साडेपाच किलोंचा भार पडतो. जलाशयाकाठच्या गाळाला तो पेलत नाही. रुंद रबरी टोपणे मिळतात. नाहीतर जुने टेनिसचे चेंडू चिरून पायांत अडकवावेत किंवा खाली फळी टाकावी. खुर्चीवर लिहिलेली वजनाची मर्यादा ही हळुवार बसणाऱ्यासाठी असते. दमून आलेला माणूस धपकन बसतो, तेव्हा तिच्यावर वजनाहून कितीतरी जास्त झटका येतो. म्हणून सर्वांत जड माणसाच्या वजनाहून 30-40 किलो अधिक मर्यादा असलेली खुर्ची घ्यावी. कापडाची जाडी 'डेनिअर'मध्ये मोजतात, म्हणजे 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. खुर्चीला 600 डेनिअरचे कापड चांगले टिकते.

आणि खुर्ची लागतेच असेही नाही. ज्या घरात मांडी घालून बसायची सवय आहे, तिथे खाली ताडपत्री, वर फोमच्या चटया, त्यांवर सतरंजी आणि टेकायला दोन लोड अशी भारतीय बैठक सर्वांत स्वस्त. पाच-सहा जण तिच्यावर पत्ते खेळतात, मुले लोळतात, जेवणे होतात आणि डिकीतली जागा वाचते. आम्ही आता बैठक सगळ्यांसाठी आणि दोन उंच खुर्च्या वडीलधाऱ्यांसाठी, असे नेतो.

टेबल आणि शेगडी

टेबलाची उंची एकटी पाहू नये. बैठकीपासून टेबलाचा माथा साधारण 25 ते 30 सेंटिमीटर वर असला की हात सहज चालतात. बुटक्या खुर्च्यांसमोर उंच टेबल आले, तर मुलांच्या हनुवटीला ताट लागते. म्हणून पायांची उंची बदलता येणारे, माथ्याच्या पट्ट्या गुंडाळता येणारे ॲल्युमिनियमचे टेबल कुटुंबाला सोयीचे. ॲल्युमिनियमचे वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते आणि ते गंजत नाही.

शेगडीसाठी वेगळे, ठाम पायांचे टेबल किंवा सपाट दगड हवा. जेवणाच्या टेबलावर मुले लवंडतात, तिथे उकळते तेल नको. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावावा, पण शेगडी चारही बाजूंनी कोंडू नये, गॅसची डबी तापते. आणि हा नियम कधीही मोडायचा नाही: पाऊस असो वा गारठा, बंद तंबूत शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली न्यायची नाही. जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस त्याने जागाच होत नाही.

तंबूवरचे आकडे

मराठी बखरींत डेरे, राहुट्या, पाले, कनाती जागोजागी भेटतात. कोणाला काय मिळणार, हे माणसाच्या मानावर ठरे. आजचा तंबू आपण माणसांच्या संख्येवर निवडतो, आणि तिथेच चूक होते. 'चार माणसांचा' तंबू म्हणजे प्रत्येकी साधारण 60 सेंटिमीटर रुंदीच्या चार चटया शेजारी शेजारी बसतील एवढाच. सामान, कूस बदलणे, मध्यरात्री उठणारे मूल यांचा त्यात हिशेब नसतो. चौघांनी सहा माणसांचा घ्यावा.

कापडाचा 3000 मिलिमीटर वगैरे आकडा म्हणजे पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ पेलेपर्यंत ते झिरपत नाही, असा. अवकाळी सरीला 2000 ते 3000 पुरे. तळाखाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान, आत दुमडलेली असावी. बाहेर डोकावली तर पाऊस आणि दव गोळा करून ती आपल्याच अंथरुणाखाली आणते. सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो गळला असे लगेच समजू नये. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या की ती कमी होते.

जागा निवडताना पाण्याला अगदी खेटून बसू नये. गार हवा जड असते, रात्री उतारावरून वाहत येऊन काठाच्या खोलगटात साचते. थोडे वर, थोडे आडोशाला सरकले की पहाटेचा गारठा कमी होतो. भंडारदरा मुळातच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, शेजारी 1646 मीटरचे कळसूबाई. तिथे या दहा-वीस पावलांना किंमत आहे. वाळक्या फांद्यांखाली तंबू नको. मेखा तिरक्या ठोकाव्यात आणि तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, अंधारात पाय अडकत नाहीत.

उजेड, गारवा, आडोसा

उजेड कमी असला तरी चालतो, पण योग्य जागी हवा. प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्याला एक हेडलॅम्प आणि जेवणाच्या जागी पिवळसर उजेडाचा एक कंदील, बस. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे किडे जास्त येतात. 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत साधारण 37 वॉट-तास वीज असते. 5 वॉटचा दिवा त्यावर हिशेबाने सात तास, प्रत्यक्षात पाचेक तास चालतो. मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला भंडारदऱ्याला जाल, तेव्हा हेही दिवे मालवा. काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला घातलेली साद आहे. आपल्या उजेडात ती हरवते.

थंड डब्यात बर्फाच्या चुऱ्याऐवजी मोठी लादी किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. लादीचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश वितळते. 1 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढली तर 4 लिटर पाणी 30 अंशांवरून 10 अंशांवर येते. दूध आणि औषधे एका डब्यात, सतत उघडला जाणारा सरबताचा डबा वेगळा. कोरड्या एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याला ओल्या फडक्याचा माठ पुरेसा आहे. दमट कोकणात बाष्पीभवन मंदावते, तिथे त्याची फार मदत होत नाही.

शौचाची सोय हा बोलायला संकोच वाटणारा, पण वयस्कर माणसांचा आणि स्त्रियांचा मुक्काम ठरवणारा विषय. औषधांच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड खुर्ची, एक उभा आडोशाचा तंबू आणि छोटे फावडे एवढ्यात तो सुटतो. पाण्यापासून सत्तरेक पावले दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. ज्या प्रवरेच्या पाण्यावर 1926 साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाखालची शेते पिकतात, तिच्या काठी आपण पाहुणे आहोत, याची आठवण ठेवायची.

गच्चीवरची रात्र

सगळे जमवल्यावर लगेच निघू नका. आधी एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात काढा. तंबू उभा करा, तिथेच जेवा, तिथेच झोपा. मेखांऐवजी विटा वापरा. मध्यरात्री कोणाला काय बोचले, कोणाला काय सापडले नाही, कोणती वस्तू कोणी हातातही घेतली नाही, हे सकाळी चहा पिताना लिहून काढा. न लागलेली वस्तू घरी ठेवा. महागाच्या वस्तू पहिल्या दोन-तीन मुक्कामांना भाड्याने आणा. काय खरेच लागते, ते तेवढ्यात कळते.

यादी करताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसापासून सुरुवात करा. ती दोघे रात्रभर झोपली आणि दिवसा आपली आपण उठबस करू शकली, तर मधल्या सगळ्यांचे आपोआप भागते. आम्ही पुढच्या हिवाळ्यात भंडारदऱ्याला पुन्हा गेलो, तेव्हा आईसाठी उंच खाट होती, तिच्यावर फोम, फोमवर घोंगडी आणि अंगावर एकच रजई. पहाटे जाग आली तर तिचे अंथरूण रिकामे. मी चेन उघडून बाहेर आलो. आई ताठ पाठीच्या खुर्चीत बसून पाण्यावरचे धुके पाहत होती. कोणाला हाक न मारता, कोणाचा हात न धरता ती तिथवर गेली होती.